वाचकांचे प्रश्न : अनोळखी मुलीला विचारायचं कसं?

या महिन्याच्या पत्रांमधली दोन पत्रं एकाच दिवशी माझ्या हातात पडली. लिहिणारे दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. पण एकाचं वाचताना दुसरीचं सारखं आठवत राहिलं, म्हणून दोन्ही सोबतच घेते. नावं अर्थातच काढली आहेत.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी २७ वर्षांचा आहे. मूळचा वणीचा. तीन वर्षांपासून नागपूरला मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे आणि मनीषनगरला रूम करून राहतो. शाळा मुलांची होती. इंजिनिअरिंग मेकॅनिकलला, वर्गात ६८ पोट्टे आणि दोन मुली. ऑफिसच्या टीममध्येही सगळे पुरुष, एकच मॅडम आहेत, त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. कोणत्या मुलीशी ओळखच होत नाही. डेटिंग ॲपवर दीड वर्ष होतो, पैसेही भरले. तिघींशी थोडं बोलणं झालं, त्यातलं एक खातं खोटं निघालं. म्हणून मागच्या दिवाळीपासून ठरवलं की समोर जाऊनच विचारायचं. व्हिडिओ पाहिले. त्यात सांगतात, शंभर नकार घ्या, भीती निघून जाईल. मी मोबाइलमध्ये नोंद ठेवली आहे. आतापर्यंत १४ जणींना विचारलं. फुटाळा तलावावर चार, मेट्रोत पाच, मॉलमध्ये तीन, धरमपेठच्या एका कॅफेत एक, ट्रॅफिक पार्कजवळ एक. नऊ जणी सरळ नाही म्हणाल्या. तिघींनी बॉयफ्रेंड आहे म्हणून सांगितलं. एकीनं नंबर दिला, तो कोण्या काकांना लागला. एकीनं गार्डला बोलावलं आणि त्यानं मला सगळ्यांसमोर मॉलच्या बाहेर काढलं. मी फक्त ‘कॉफी घ्यायला याल का’ एवढंच विचारलं होतं. कोणाला वाईट बोललो नाही, कोणाच्या अंगाला हात लावला नाही. मित्र म्हणतात, अबे तू दिसतोच तसा. आता समोरून कोणी मुलगी आली की आधी रागच येतो. मी चुकून राहिलो का? की माझ्यातच काही कमी आहे?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी ‘आधी रागच येतो’ या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. बाकीचं थोडं थांबू शकतं, ही ओळ थांबू शकत नाही, म्हणून तिथूनच सुरू करते.

मॉलमध्ये तुझा अपमान झाला. त्यावर तू एकच वाक्य लिहिलंस, पण बाकीचं सगळं पत्र त्याच जखमेतून आलेलं आहे. त्या गार्डनं बाजूला घेऊन ‘भाऊ, मॅडम घाबरल्या, तुम्ही निघा’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. चारचौघांच्या नजरेसमोरून बाहेर चालत जाणं कोणालाही जड जातं, आणि तू तर या गावात एकटा राहतोस. घरी येऊन कोणाला सांगितलंस? बहुतेक कोणालाच नाही. तो राग आतच राहिला आणि आता रस्त्यानं येणाऱ्या प्रत्येक मुलीवर निघतो आहे. ती जी कोणी पुढची येईल, तिनं तुझं काहीच बिघडवलेलं नाही. राग चेहऱ्यावर दिसतो, आणि बायकांना तो फार लवकर दिसतो. लहानपणापासून आम्हाला तो ओळखायची सवय लागलेली असते.

तेव्हा दोन महिने कोणालाही विचारू नकोस. मोबाइलमधली नोंद आज रात्री खोडून टाक. झोप उडाली असेल, जेवणावरची इच्छा गेली असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर बोल. मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

नोंद खोडायला का सांगते, तेही ऐक. मी तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. भीती घालवायची असेल तर त्या गोष्टीच्या थोडं थोडं जवळ जावं लागतं, हे खरंच आहे, आम्ही हेच शिकवत होतो. लिफ्टला घाबरणाऱ्याला आधी लिफ्टच्या दारापर्यंत नेतात, मग आत, मग एक मजला वर. पण त्यात लिफ्टला काही सोसावं लागत नाही. ‘शंभर नकार घ्या’ म्हणणाऱ्यांनी तुझ्या भीतीचा विचार केला, समोरच्या शंभर मुलींचा केलाच नाही. तुझ्या यादीतली ती सातवी किंवा अकरावी मुलगी त्या दिवशी घरी जाताना काय घेऊन गेली असेल?

मला थोडंसं माहीत आहे, कारण मीही कोणाच्या तरी यादीत होते. १९८१ साली मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. महाल भागात राहायचे आणि संध्याकाळी सीताबर्डीवरून सिटी बसनं घरी जायचे. एक दिवस स्टॉपवर एक मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. ‘तुम्ही चहा घ्याल का माझ्यासोबत?’ असं अगदी नीट, अदबीनं विचारलं. माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? ‘माझं लग्न ठरलंय.’ साफ खोटं. तो लाल झाला, ‘सॉरी’ म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा कधी दिसला नाही, त्रास दिला नाही. आणि तरी मी महिनाभर तो स्टॉप सोडला. बर्डीच्या गर्दीतून पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायचे आणि तिथून बसायचे. घरी बोलले नाही, कारण बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासून भाऊ न्यायला आला असता आणि माझं लायब्ररीत बसणं संपलं असतं.

तो मुलगा भला होता, असं आज मला वाटतं. तेव्हा तो भला आहे की नाही हे कळायची काही सोयच नव्हती. तुझ्या १४ जणींपैकी एकीलाही तू वणीचा आहेस, तीन वर्षं एका ठिकाणी टिकून नोकरी करतोस, असं मन मोकळं करून पत्र लिहू शकतोस, यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्याजवळ होते आठ-दहा सेकंद. तेवढ्यात तिला ठरवायचं असतं की हा माणूस नाही म्हटल्यावर निघून जाईल, की मागे येईल. तुला तोलून, मापून कोणी नापास केलेलं नाही. ‘तू दिसतोच तसा’ म्हणणाऱ्या मित्राला त्या आठ सेकंदांतलं काही कळलेलं नाही.

बॉयफ्रेंड आहे म्हणणाऱ्या तिघींचंही असंच. ‘मला नको’ म्हटलं की पुष्कळ पुरुष ‘का नको?’ विचारतात, वाद घालतात. दुसरा पुरुष आहे म्हटलं की गप बसतात. म्हणून मुली एकमेकींना हे उत्तर शिकवतात. माझं ‘लग्न ठरलंय’ ते हेच होतं. खोटा नंबर देणारीही तुझी चेष्टा करत नव्हती, तिला तिथून सुखरूप निघायचं होतं.

आणि आपलं नागपूर! बर्डीवर, धरमपेठेत, फुटाळ्यावर पाच मिनिटं उभं राहा, कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच. तू एकटा राहतोस म्हणून तुला ते जाणवत नसेल. फुटाळ्याच्या कठड्यावर मक्याचं कणीस खात बसलेल्या मुलीला मात्र माहीत असतं की आत्याच्या कॉलनीतलं कोणीतरी गाडीवरून जाताना बघेल, आणि ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचेल. ‘कोण होता? आडनाव काय?’ आडनाव विचारलं की पुढचं सगळं आलंच. तिला तू आवडलास तरी तिथं, त्या क्षणी, ‘हो’ म्हणणं तिला महाग पडतं. हा दोष तुझा नाही, तिचाही नाही. मला या गावाचा या बाबतीत फार राग येतो. पण तो भार तिच्या डोक्यावर आहे, हे तुला ठाऊक असायला हवं.

मेट्रोतल्या पाच जणींविषयी मात्र तुला स्पष्ट सांगते : तिथं विचारू नकोस. चालत्या गाडीत तिला उठून कुठं जाता येत नाही, आणि उतरली तर तिचं स्टेशन तुला कळतं. मार्च २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली, आणि पुढं हळूहळू पोरी संध्याकाळच्या क्लासहून एकट्या, निवांत, कानात गाणी घालून घरी यायला लागल्या. ते पाहून मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. तेवढी जागा त्यांना राहू दे.

धरमपेठच्या कॅफेतली ती, तिथं कामाला होती का? तू लिहिलं नाहीस. असेल तर तिचं हसणं हा तिच्या नोकरीचा भाग होता. अँटोनिया ॲबी या संशोधिकेनं १९८२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एक अनोळखी पुरुष आणि एक स्त्री पाच मिनिटं गप्पा मारतात, दुसरे एक पुरुष आणि स्त्री ते लपून पाहतात, आणि मग सगळ्यांना विचारलं जातं की त्या बाईच्या वागण्यात काय दिसलं. तिच्या साध्या मोकळेपणात पुरुषांना ‘तसला’ रस जास्त दिसला, बायकांना कमी. मी हे दर वर्षी वर्गात शिकवायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलं आधी हसायची आणि मग गप्प व्हायची.

याचा अर्थ अनोळखी माणसाशी बोलूच नये असा घेऊ नकोस. बोलणं आणि मागणं यांत फरक आहे. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकल गाड्यांत आणि बसमध्ये काही प्रवाशांना शेजाऱ्याशी गप्पा मारायला सांगितलं होतं, २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लोकांना वाटत होतं, असं बोलावं लागलं तर प्रवास नकोसा होईल. प्रत्यक्षात गप्पा मारणाऱ्यांचाच प्रवास जास्त चांगला झाला. त्या गप्पांच्या शेवटी कोणी कोणाला काही मागत नव्हतं, हे लक्षात घे. तुझी सवय तिथून लागू दे. घरमालकीण काकूंशी तू भाडं देण्यापलीकडे बोलतोस का? सकाळी तर्री पोहे जिथं खातोस त्या ठेल्यावरच्या मावशींशी? टीममधल्या त्या मॅडमशी? त्यांची मुलं कितवीत आहेत, माहीत आहे? बायकांशी काही नको असताना बोलण्याची तुला संधीच मिळाली नाही. शाळा तशी, कॉलेज तसं, ऑफिसही तसंच. ‘माझ्यात काय कमी आहे’ विचारतोस ना, तर एवढंच कमी आहे, आणि ते भरून निघतं.

आता ओळख होणार कशी? इथं मला माझ्या विषयातला सगळ्यात आवडता प्रयोग सांगू दे. पिट्सबर्ग विद्यापीठात रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी चार तरुणींना एका वर्गात जाऊन बसायला सांगितलं. एक कधीच गेली नाही, दुसरी ५ तासांना गेली, तिसरी १०, चौथी १५. कोणाशी बोलायचं नाही, फक्त येऊन बसायचं. शेवटी वर्गातल्या विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा वर्गात येऊन गेली होती ती त्यांना जास्त आवडली. १९९२ मधलं हे काम. माणूस वारंवार, काही न मागता, नजरेसमोर असला की तो आपला वाटायला लागतो. तू प्रत्येक मुलीला आयुष्यात एकदाच भेटलास आणि त्याच एका भेटीत सगळं मागितलंस.

म्हणून अशा ठिकाणी जा जिथं तीच माणसं आठवड्याला भेटतात आणि हाताला काहीतरी काम असतं. तुझ्यासाठी मला एक फार नेमकं सुचतं आहे. राज्य नाट्य स्पर्धेचं नागपूर हे केंद्र आहे. इथल्या हौशी नाट्यसंस्था दोन-दोन महिने रोज संध्याकाळी तालमी करतात. अभिनय करायला सगळे येतात, पण नेपथ्य उभं करायला, प्रकाशयोजनेला, सामान वाहायला माणूस मिळत नाही. तू मेकॅनिकल इंजिनिअर! सरकवता येणारा जिना हवा असतो, फिरतं दार हवं असतं, आणि ते प्रयोगाच्या मध्ये अडकायला नको असतं. माझ्या कॉलेजच्या संघात मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. नेपथ्याच्या मुलाला पहिल्या आठवड्यात कोणी ओळखत नाही. तिसऱ्या आठवड्यात सगळे त्याला शोधत येतात, कारण खिळा त्याच्याजवळ, वायर त्याच्याजवळ, रात्री अकराला उपाशी राहिलेल्यांसाठी आलूबोंडे आणणाराही तोच. तिथं कोणी तुला ८ सेकंदांत जोखत नाही, लोकांजवळ ६० दिवस असतात. नाटकाची आवड नसेल तर अंबाझरी आणि गोरेवाड्याला पहाटे पक्षी बघायला जाणारे गट आहेत, झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात व्याख्यानं होतात, रविवारी सायकलवाले निघतात, रामटेकला पायी चढणारे आहेत. यातलं जे तुला मुलगी नसतानाही आवडेल तेच घे. एका विशिष्ट मुलीसाठी एखाद्या ठिकाणी जाऊन बसशील तर तो फुटाळाच होईल, फक्त जास्त दिवसांचा.

आणि तिथं कधी कोणी मनात भरली, बोलणं वाढलं, तर विचार. नक्की विचार. ‘रविवारी तालीम झाल्यावर चहाला जायचं का, आपण दोघंच? नको असेल तर तसं सांग, आपलं काम आहे तसंच चालेल.’ दिवसाउजेडी, चार माणसं आसपास असताना, तिच्या वाटेत उभं न राहता. नंबर मागण्यापेक्षा आपला द्यावा. ‘नाही’ला ‘बरं’ म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी खरंच आहे तसं वागायचं. आपल्याकडं मुली ‘नाही’ हा शब्द क्वचित वापरतात. ‘बघू ना’, ‘सध्या परीक्षा आहे’, ‘मैत्रिणींनाही आणते’ हे सगळे नकारच धर. तिचं मन बदललं तर तुझा नंबर तिच्याजवळ आहे.

दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हे मी कायद्यासाठी म्हणत नाही, पण कायदाही माहीत असू दे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे, रस नसल्याचं स्त्रीनं स्पष्ट दाखवल्यावरही तिच्याशी जवळीक साधायला वारंवार मागे जाणं, संपर्क करत राहणं, इंटरनेटवर तिच्यावर नजर ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तू आजवर असं काही केलेलं नाहीस. मित्रांपैकी कोणी ‘पिच्छा सोडू नको, पोरगी पटते’ म्हणालं तर त्यालाही हे सांग.

दिवाळीनंतर मला पुन्हा लिही. तालमीतलं लिही, मुलीचंच असलं पाहिजे असं नाही.

प्रश्न : ताई, मी २१ वर्षांची आहे. सीएच्या क्लाससाठी रोज कडबी चौकातून मेट्रोनं निघते, सीताबर्डीला गाडी बदलून शंकरनगरला उतरते. मागच्या महिन्यात बर्डीच्या प्लॅटफॉर्मवर एक मुलगा आला आणि म्हणाला, ‘तुम्ही रोज दिसता, इन्स्टा आयडी मिळेल का?’ मी काहीच बोलले नाही. मान फिरवली आणि दुसऱ्या डब्यात जाऊन बसले. तो तसा सभ्य वाटला, नंतर मलाच वाईट वाटलं. पण ‘रोज दिसता’ म्हणाला त्याची भीतीही वाटली. आता मी एक गाडी सोडून पुढची पकडते, क्लासला उशीर होतो, पहिलं लेक्चर अर्धं जातं. मी उद्धटपणा केला का? आणि घरी सांगू का? बाबा क्लासच बंद करतील.
— कडबी चौक

उत्तर : बेटा, तू काही उद्धटपणा केला नाहीस. अनोळखी माणसानं विचारलं म्हणून उत्तर देणं लागतंच असं नाही. त्याला वाईट वाटलं असेल, ते तो सोसेल. त्याच्यासारख्याच एकाला मी वर चार पानं लिहिली आहेत, तू ती वाचलीच असशील.

तुझी एक गाडी सोडून देण्याची गोष्ट वाचली तेव्हा मी थोडा वेळ पुढचं वाचू शकले नाही. १९८१ मध्ये मी स्टॉप बदलला होता आणि आज तू गाडी बदलते आहेस. उद्यापासून तुझी नेहमीची गाडी पकड. पहिले काही दिवस क्लासमधल्या एखाद्या मैत्रिणीला बर्डीला भेटायला सांग, दोघी सोबत जा.

तो पुन्हा आला तर गप्प राहू नकोस. शेजारच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘नको. मला बोलायचं नाही’ एवढं म्हण. कारण देऊ नकोस, खोटंही बोलू नकोस, हसू नकोस. भल्या माणसाला तेवढं पुरतं. त्यानंतरही तो दिसत राहिला, मागे आला, इन्स्टावर शोधून मेसेज केला, तर तारीख आणि वेळ लिहून ठेव, मेसेज पुसू नकोस, स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना सांग. प्लॅटफॉर्मवर कॅमेरे असतात. महिलांसाठी १८१ आहे, आणि त्याच क्षणी मदत लागली तर ११२. कलम ७८ विषयी वर लिहिलंच आहे.

घरी सांग. आधी आईला, आणि बोलताना ‘मी काय केलं’ हेही सांग, म्हणजे तू घाबरून बसलेली नाहीस हे तिला दिसेल. बाबांची भीती तुला वाटते ती खरी आहे, माझ्या घरीही तेच होतं. म्हणून हा अंक त्यांच्यापुढं ठेव. पुढचं त्यांच्यासाठी आहे.

दादा, वहिनी, तुमच्या मुलीनं काहीही केलेलं नाही आणि तिनं तुम्हाला येऊन सांगितलं. तिचा क्लास बंद करू नका. पाहिजे तर आठवडाभर तुमच्यापैकी एकानं सकाळी तिच्यासोबत बर्डीपर्यंत जा, गाडी बदलून द्या, आणि परत या. पुढच्या सोमवारी तिला एकटीला जाऊ द्या.